गाणं, साहसकथा आणि इमारत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गवई, साहसकथाकार आणि वास्तुरचनाकार यांच्या आयुष्यांबद्दल मी बरीच वर्षं लिहितो, बोलतो. त्यातून येणारे प्रश्न साधारण तेच ते असतात, म्हणून एकदाच नीट उत्तरं लिहून काढली. सोपे प्रश्न आधी आहेत, तिरके नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा उगाळलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. संगीत, साहसकथा आणि वास्तुकला यांची मोट का बांधता? संबंध ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो.

थोडा ओढलेला आहे, कबूल. पण चित्र एका नजरेत समोर येतं, या तिन्ही गोष्टी मात्र क्रमानंच भेटतात. आलापीत गंधार कधी दाखवायचा, प्रकरणाच्या शेवटी दारावर थाप पडू द्यायची की नाही, चौक दिसण्याआधी माणसाला अंधाऱ्या बोळातून न्यायचं की नाही, या सगळ्यांच्या मुळाशी एकच विचार असतो: समोरच्याला आता पुढे काय भेटणार?

जुन्या देवळात शिरताना हे लख्ख कळतं. सभामंडपातून अंतराळात आणि तिथून गाभाऱ्यात जाताना उजेड कमी होत जातो, दार बुटकं होतं, मान आपोआप झुकते, बोलणं कुजबुजीवर येतं. शांतता राखा अशी पाटी कुठेही नसते. बडोद्यात वास्तुकला शिकवणाऱ्या माधव आचवलांनी 'किमया'मध्ये जागेचा हा अनुभव मराठीत ज्या हळुवारपणे मांडला आहे, तो वाचल्यावर मला तरी इमारत 'बघायची' सवय सुटली. इमारतीतून चालावं लागतं.

२. 'वास्तुकला म्हणजे गोठलेलं संगीत' हे कोणाचं वाक्य? आणि ते खरं आहे का?

जर्मन कवी गटेचं म्हणून ते सांगितलं जातं आणि १८२९ मध्ये आपला सहायक एकरमान याच्याशी बोलताना त्यानं तसं म्हटल्याची नोंद आहे. पण तत्त्वज्ञ शेलिंगच्या व्याख्यानांत ही कल्पना त्याआधीच, १८०२-०३ च्या सुमारास येऊन गेली होती.

खरं आहे का? मला ते वाक्य गोड पण उलटं वाटतं. इमारत कधीच गोठलेली नसते. सकाळचं आणि दुपारचं ऊन तिला वेगळं करतं, माणसं भरली की तिचा आवाजसुद्धा बदलतो (प्रश्न ६). या वाक्यामागे असलेला जुना विचार मात्र वजनदार आहे. तार निम्मी केली की वरचा षड्ज मिळतो, दोन तृतीयांश केली की पंचम, तीन चतुर्थांश केली की मध्यम. पंधराव्या शतकात फ्लोरेन्सच्या परंपरेतल्या अल्बर्टीनं लिहिलं की जे आकडे कानाला गोड लागतात तेच डोळ्यालाही लागतात, म्हणून खोलीची लांबी-रुंदी १:२, २:३, ३:४ अशी धरावी. पुढे दोन-तीन शतकं युरोपातले वास्तुकार या भरवशावर खोल्या आखत होते.

या भरवशाचा मोह संशोधकांनाही पडतो. १४३६ मध्ये फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलच्या अभिषेकासाठी द्युफे या संगीतकारानं एक रचना केली. तिच्या चार भागांची कालमापं ६:४:२:३ अशी आहेत. १९७३ मध्ये एका अभ्यासकानं मांडलं की ही त्या कॅथेड्रलचीच मापं आहेत. सगळे खूश. वीसेक वर्षांनी दुसऱ्यानं दाखवून दिलं की मापं त्या इमारतीशी नीट जुळत नाहीत. बायबलात सॉलोमनच्या मंदिराची मापं दिली आहेत, ती जुळतात. म्हणजे इमारत गाण्यात होती खरी, पण समोर उभी असलेली नव्हे, पुस्तकातली.

३. मग सुवर्ण गुणोत्तराचं काय? सगळ्या महान कलाकृतींत १.६१८ असतो म्हणतात.

म्हणतात. युक्लिडला हे गुणोत्तर माहीत होतं, पण भूमितीतली एक विभागणी म्हणून. त्याला 'सुवर्ण' हे विशेषण छापील स्वरूपात एकोणिसाव्या शतकात जर्मनीत लागलं आणि सौंदर्याचा गुप्त मंत्र म्हणून त्याची ख्याती त्यानंतरची. पार्थेनॉनच्या फोटोवर आयत काढून दाखवतात तेव्हा तो आयत नेमका कुठल्या पायरीपासून सुरू केला आहे ते बघा. बहुतेक वेळा जिथून जुळेल तिथून.

जाणूनबुजून वापरल्याचं उदाहरण हवं असेल तर वास्तुकार ल कोर्ब्युझिएचं 'मोड्युलोर'. माणसाच्या शरीरावरून त्यानं मापांची एक पट्टी तयार केली: बेंबीपर्यंत ११३ सेंटिमीटर, उंची १८३, हात वर केला की २२६. मार्सेयची मोठी निवासी इमारत आणि आपलं चंदीगड या दोन्हींत ही पट्टी वापरली आहे. आता १८३ कुठून आले? सुरुवातीला त्यानं १७५ सेंटिमीटरचा माणूस धरला होता. मग सहकाऱ्यांपैकी एकानं लक्षात आणून दिलं की इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतले देखणे पुरुष, पोलीस वगैरे, नेहमी सहा फुटी असतात. सहा फूट धरल्यावर फूट-इंचांतही आकडे सोयीचे बसले. हा किस्सा स्वतः ल कोर्ब्युझिएनंच नोंदवला आहे. चंदीगडच्या एखाद्या ओट्याची उंची रहस्यकथेतल्या हवालदाराशी नातं सांगते, हे मला १.६१८ पेक्षा जास्त सुंदर वाटतं.

४. साहसकथा लिहायला स्वतः साहस करावं लागतं का?

नाही. पण 'अजिबात नाही' असंही नाही.

ज्यूल व्हर्नबद्दल दोन अफवा आहेत: तो जगभर हिंडला होता आणि तो घराबाहेरच पडला नव्हता. दोन्ही खोट्या. त्याच्याकडे स्वतःच्या बोटी होत्या, १८६७ मध्ये तो 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजानं अमेरिकेला जाऊन नायगारा बघून आला. पण बलूनमधून आफ्रिका ओलांडायची कादंबरी त्यानं १८६३ मध्ये छापली तेव्हा तो कधी बलूनमध्ये बसला नव्हता. बसला तो दहा वर्षांनी, आमियाँ या आपल्या गावात, आणि उड्डाण झालं २४ मिनिटांचं. मराठीत व्हर्न मुलांच्या हाती दिला तो भा. रा. भागवतांनी, आणि त्यांचा फास्टर फेणे ज्या चपळाईनं संकटातून निसटतो तिच्यात त्या वाचनाचे पडसाद मला ऐकू येतात.

इटलीचा साल्गारी स्वतःला कॅप्टन म्हणवून घ्यायचा. नौकाशिक्षण त्यानं अर्धवट सोडलं होतं, समुद्र पाहिला तो एड्रियाटिकपुरता, आणि लिहिले ते मलायाचे चाचे. जर्मनीचा कार्ल माय अमेरिकेला गेला १९०८ मध्ये, तिथल्या आदिवासी नायकाच्या कादंबऱ्या लिहून लोकप्रिय झाल्यावर कितीतरी वर्षांनी. दुसऱ्या टोकाला जोसेफ कॉनरॅड: जवळजवळ वीस वर्षं बोटींवर काढून मग कागदाकडे वळलेला.

आणि आपले नाथमाधव. शिकारीला सिंहगडावर गेले असताना कड्यावरून पडले आणि कमरेखालचं शरीर लुळं झालं. त्यानंतर अंथरुणावरून त्यांनी घोडेस्वार, तलवारी, भुयारं यांनी भरलेल्या कादंबऱ्या लिहिल्या. साहस त्यांच्याही आयुष्यात होतंच. फक्त ते संपलं तिथे लेखन सुरू झालं.

फरक कुठे पडतो म्हणाल तर तपशिलात. ज्यानं दोर ओढला आहे तो दोराबद्दल कमी बोलतो. ज्यानं वाचला आहे तो दोराचा इतिहास सांगतो. व्हर्नच्या कथांत मधूनच माशांच्या जातींची दोन-दोन पानी यादी येते ती म्हणूनच. मुलं ती पानं उडवून पुढे जातात आणि बरोबरच करतात.

५. आधी नकाशा की आधी गोष्ट?

हा प्रश्न लिहू पाहणारे विचारतात आणि त्याला स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'सारखं उत्तर नाही.

१८८१ चा उन्हाळा, स्कॉटलंडमधलं ब्रेमार, बाहेर पाऊस. सावत्र मुलाचा वेळ जावा म्हणून रंगपेटीशी खेळता खेळता स्टीव्हन्सननं एका बेटाचा नकाशा काढला. खाड्या, टेकड्या, नांगर टाकायच्या जागा. त्या कागदाकडे बघताना झाडीतून माणसांचे चेहरे डोकवायला लागले, असं त्यानं पुढे लिहिलं आहे. रोज एक प्रकरण लिहायचं आणि घरच्यांना वाचून दाखवायचं असा क्रम पडला. वडील थॉमस इतके रंगले की जुन्या खलाशाच्या पेटीत काय काय निघालं त्याची यादी त्यांनीच करून दिली. पंधरा प्रकरणांनंतर लेखणी अडली ती अडलीच. बाकीची कादंबरी त्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये दावोसला पुरी झाली.

खरी गंमत पुढे आहे. पुस्तक छापायच्या वेळी प्रकाशकाकडे पाठवलेला मूळ नकाशा गहाळ झाला. नकाशावरून गोष्ट लिहिणं सोपं होतं. आता गोष्टीवरून नकाशा काढायचा होता. एकेक पान चाळून प्रत्येक दिशा, प्रत्येक अंतर टिपून घ्यायचं आणि ते सगळं एका बेटात बसवायचं. दुसरा नकाशा वडिलांच्या कचेरीत तयार झाला, वडिलांनी त्यावर गोष्टीतल्या कॅप्टन फ्लिंटची खोटी सही वळणदार अक्षरात ठोकून दिली. तरी स्टीव्हन्सनला ते बेट कधीच आपलं वाटलं नाही.

ती कचेरी कसली होती? दीपगृहं बांधणाऱ्यांची. त्याचे आजोबा रॉबर्ट यांनी १८०७ ते १८१० मध्ये बेल रॉकचं दीपगृह उभारलं, भरतीला पूर्ण बुडणाऱ्या खडकावर, दगडात दगड गुंफून. ते आजही उभं आहे. नातू स्वतः स्थापत्य शिकायला बसला होता आणि १८७१ मध्ये ते सोडून आला. शिवाय फ्लॅजोलेट नावाची छोटी बासरी वाजवायचा, तिच्यासाठी रचनाही करायचा. पहिल्या प्रश्नातली तीन टोकं एका माणसात बघायची असतील तर हा आहे.

तेव्हा नकाशा आधी काढा. आणि त्याची प्रत ठेवा.

६. काही सभागृहांत गाणं सुरेख ऐकू येतं, काहींत अक्षर कळत नाही. असं का?

मुख्य कारण घुमण्याचा काळ: आवाज थांबल्यावर तो विरायला किती वेळ लागतो. हे मोजणारा पहिला माणूस वॉलेस सबीन. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह उघडलं आणि तिथे कोणाचंच बोलणं कळेना. एक शब्द विरायला साडेपाच सेकंद लागत होते. तेवढ्यात वक्ता वाक्य संपवायचा. तरुण सबीनला सांगितलं, बघ काय करता येतं ते.

त्यानं काय केलं ते डोळ्यांसमोर आणा. मध्यरात्र उलटल्यावर, रस्त्यावरची वाहतूक थांबली की, शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून या सभागृहात आणायच्या. एक ऑर्गनची नळी वाजवायची, बंद करायची, कान लावून आवाज विरेपर्यंत घड्याळ धरायचं. मग आणखी काही गाद्या मांडायच्या, पुन्हा नळी. पहाटेपूर्वी सगळ्या गाद्या परत जागेवर, कारण दुसऱ्या दिवशी त्या नाट्यगृहात लोक बसणार. अशा किती रात्री गेल्या असतील. आवाज शोषण्याचं मोजमापही त्यानं साधं ठेवलं: उघडी खिडकी. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून अमुक गाद्या म्हणजे अमुक मापाची उघडी खिडकी.

१८९८ मध्ये सूत्र सापडलं. खोली जितकी मोठी तितका घुमारा जास्त, शोषण जितकं जास्त तितका घुमारा कमी. या सूत्रावर बांधलेलं पहिलं सभागृह बॉस्टनचं सिंफनी हॉल, १९००. भरलेल्या सभागृहात तिथे घुमारा दोन सेकंदांच्या किंचित आत आहे आणि ते आजही जगातल्या उत्तम सभागृहांत धरलं जातं. बोलण्यासाठी एवढा घुमारा जास्त होतो, ऑर्केस्ट्राला तो हवा असतो. एकाच सभागृहात भाषण, नाटक आणि वाद्यवृंद तिन्ही उत्तम हवं म्हणणाऱ्यांना पडदे-गालिचे लावून तडजोड करावी लागते ती यामुळे.

सूत्र माहीत असूनही फसतं. न्यूयॉर्कचं फिलहार्मोनिक हॉल १९६२ मध्ये उघडलं, आवाजावर टीका झाली, १९७६ मध्ये आतून नवं केलं, आणि २०२२ मध्ये पुन्हा नवं.

७. जागेमुळे संगीताची घडणच बदलते, असंही असतं का?

असतं. इस्तंबूलच्या हागिया सोफियात, म्हणजे मूळच्या चर्चमध्ये, आवाज सुमारे ११ सेकंद घुमतो. तिथे द्रुत लयीत शब्द टाकले तर चिखल होईल, म्हणून त्या परंपरेतलं स्तोत्रगायन लांब, संथ, एका स्वरावर रेंगाळणारं. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये गायकांचे सज्जे समोरासमोर आहेत, तर तिथल्या गाब्रिएलीसारख्या संगीतकारांनी दोन गट एकमेकांना उत्तरं देतात अशा रचना केल्या.

आपल्याकडे विजापूरच्या गोलघुमटात वरच्या सज्ज्यात एका बाजूला भिंतीशी कुजबुजलं की सुमारे ३८ मीटर पलीकडे ऐकू येतं. पण तिथे कोणी ख्याल गाऊन बघावा! एक तान घेतली की दहा परत येतात. छोट्या दिवाणखान्यातल्या मैफलीत ज्या बारीक हरकती जिवंत होतात त्या या घुमटात मरतील. ध्वनिक्षेपक आल्यावर गायकीत जे बदल झाले तेही याच प्रश्नाचं उत्तर आहेत. तो स्वतंत्र विषय आहे, इथे एवढंच.

८. खरोखर दोन्ही क्षेत्रांत पहिल्या दर्जाचं काम केलेला कोणी आहे? नुसती हौस नव्हे.

यानिस झेनाकिस. ग्रीक, शिक्षणानं अभियंता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अथेन्सच्या रस्त्यांवरच्या लढाईत रणगाड्याच्या गोळ्यानं चेहरा फाटला, डावा डोळा गेला. पुढे गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला गेला, तेव्हा तो १९४७ मध्ये पॅरिसला पळून आला होता आणि ल कोर्ब्युझिएच्या कचेरीत काँक्रीटची गणितं करत होता. संध्याकाळी संगीत शिकायला गुरू शोधायचा. मेसियाँ या संगीतकारानं त्याला सल्ला दिला तो शिक्षकाकडून क्वचितच ऐकायला मिळतो: तू पारंपरिक स्वरसंगती शिकत बसू नकोस, तू अभियंता आहेस, गणित जाणतोस, तेच संगीतात वापर.

त्यानं वापरलं. १९५३-५४ मधल्या 'मेटास्टासिस' या रचनेत ६१ वादक आहेत आणि प्रत्येकाची ओळ वेगळी. तंतुवाद्यांच्या मिंडी त्यानं आलेखावर सरळ रेषा म्हणून काढल्या. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. काळ आडवा आणि स्वराची उंची उभी धरली तर ती तिरपी रेषाच. अशा पुष्कळ सरळ रेषा थोड्या थोड्या कलत्या मांडल्या की त्यांच्या कडेनं वक्र पृष्ठ उमटतं. लहानपणी खिळे ठोकलेल्या फळीवर दोरे गुंडाळून जी नक्षी केली असेल, तीच.

१९५८ च्या ब्रसेल्स प्रदर्शनासाठी फिलिप्स कंपनीचा मंडप करायचं काम कचेरीत आलं. ल कोर्ब्युझिए चंदीगडमध्ये गुंतलेला. झेनाकिसनं तीच युक्ती काँक्रीटमध्ये उतरवली: सरळ रेषांनी विणलेली वळणदार कवचं, टोकदार शिखरं, तंबूसारखी इमारत. आत शेकडो ध्वनिक्षेपकांतून व्हारेझ या संगीतकाराची आठ मिनिटांची इलेक्ट्रॉनिक रचना भिंतींवरून फिरायची. प्रदर्शन संपल्यावर १९५९ च्या सुरुवातीला मंडप पाडला. गाण्यातून आलेली इमारत गाण्यासारखीच विरली. मूळ गाणं मात्र अजून वाजतं. (मंडपावर नाव कोणाचं यावरून जे झालं ते प्रश्न ११ मध्ये.)

९. नियम आणि चौकटी यांमुळे सर्जनशीलता मारली जात नाही का?

हा प्रश्न बहुधा नियम शिकायचा कंटाळा आलेल्याकडून येतो, म्हणून थोडं रोखठोक लिहितो. भूप आणि देशकार, दोन्ही रागांत स्वर तेच पाच: सा रे ग प ध. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. भूपात गंधारावर वस्ती, देशकारात धैवतावर. विटा त्याच, पण बैठकीची खोली वेगळी निवडली की सगळं घर बदलतं. नियम नसता तर हे दोन राग एकच झाले असते आणि आपण गरीब झालो असतो.

वास्तुकार चार्ल्स कोरियांनी जयपूरचं जवाहर कला केंद्र नवग्रहांच्या नऊ चौकोनांवर बेतलं, पण एक चौकोन जागेवरून हलवून बाजूला फिरवला. हे त्यांच्या मनाचं नव्हे. जुन्या जयपूर शहराच्या नऊ चौकांच्या आखणीतच असा एक चौक सरकलेला आहे. चौकटीला अपवाद करायचा तर तोही परंपरेतून उचलला.

चौकट मारते कधी? ती दुसऱ्यानं बाजारासाठी घातली की. व्हर्ननं १८६३ च्या सुमारास विसाव्या शतकातल्या पॅरिसची एक उदास कादंबरी लिहिली. त्याचे प्रकाशक एट्झेल यांनी ती नाकारली आणि त्याला यंत्रं-प्रवासाच्या वाटेला लावलं. हस्तलिखित तिजोरीत पडून राहिलं आणि १९९४ मध्ये छापलं गेलं. एट्झेल चुकले असं मी म्हणणार नाही, ती कादंबरी तशी रटाळ आहे. पण दुसरा व्हर्न कसा झाला असता ते आता कळणार नाही.

१०. आजारपण, अपंगत्व यातून प्रतिभा येते का?

येत नाही. या प्रश्नात एक क्रूर रोमँटिकपणा आहे. क्षयानं गेलेल्या किती गवयांची नावंही आपल्याला माहीत नाहीत.

जे घडतं ते असं: अंगवळणी पडलेला रस्ता बंद होतो आणि ज्याची तयारी आधीच मोठी आहे तो दुसरा काढतो. कुमार गंधर्व लहानपणापासून गाजलेले. क्षय झाल्यावर १९४८ मध्ये कोरड्या हवेसाठी देवासला आले, काही वर्षं गाणं बंद. पडल्या पडल्या कानावर माळव्याची लोकगीतं यायची. बायका जाता-येता गायच्या त्या दोन-तीन स्वरांच्या धुनांत रागांची बीजं त्यांना दिसली आणि त्यातून पुढे त्यांचे धुनउगम राग आले. एक फुप्फुस निकामी झाल्यामुळे लांब दमसासाऐवजी छोटे, झेपावणारे स्वरसमूह आले असं सांगतात. त्यात तथ्य आहे, पण ती झेप त्यांच्याजवळ आधीपासून होती, हेही त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या की कळतं. आणि हे सगळं शक्य झालं ते औषध वेळेवर मिळालं आणि पत्नी भानुमतींनी शुश्रूषा केली म्हणून. प्रतिभेच्या गोष्टीत शुश्रूषा करणाऱ्यांचा उल्लेख एका वाक्यात उरकतात. मीही आता तेच केलं.

११. कलाकृतीवर नाव कोणाचं? मदत करणाऱ्यांचं काय?

प्रश्न ८ मधल्या मंडपाचं श्रेय आधी एकट्या ल कोर्ब्युझिएच्या नावे जाहीर होऊ लागलं. झेनाकिस भांडला आणि नाव जोडून घेतलं. १९५९ मध्ये तो त्या कचेरीतून बाहेर पडला.

अलेक्झांद्र द्युमाच्या गाजलेल्या साहसकादंबऱ्यांची आखणी आणि कच्चे खर्डे ओगुस्त माके करायचा. तो कोर्टात गेला. कोर्टानं पैसे मंजूर केले, नाव नाही. कादंबऱ्यांच्या कमाईतून द्युमानं पॅरिसबाहेर एक महालवजा घर बांधलं, १८४७ मध्ये गृहप्रवेशाची प्रचंड मेजवानी झाली, लिहायला बागेत छोटा किल्ला, त्याच्या दगडांवर स्वतःच्या पुस्तकांची नावं कोरलेली. काही वर्षांत कर्जापायी सगळं विकावं लागलं. दगडांवर माकेचं नाव शोधू नका.

हिंदी चित्रपटसंगीतात वाद्यमेळ बांधणारे सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे कलावंत कितीक वर्षं पडद्यावरच्या श्रेयनामावलीबाहेर राहिले. वास्तुकलेत डेनिस स्कॉट ब्राउन: पतीबरोबर दशकानुदशकं भागीदारीत काम, १९९१ चा प्रित्झकर पुरस्कार फक्त पती रॉबर्ट व्हेंचुरी यांना. एकट्या प्रतिभावंताची गोष्ट सांगायला सोपी असते, म्हणून ती टिकते.

१२. अर्धवट राहिलेली कलाकृती दुसऱ्यानं पुरी करावी का?

कलेगणिक उत्तर बदलतं. बार्सिलोनाचं सग्रादा फमिलिया हे चर्च १८८२ मध्ये सुरू झालं, पुढच्या वर्षी वास्तुकार गाउदीकडे आलं, १९२६ मध्ये ट्रामच्या धक्क्यानं तो गेला तेव्हा थोडाच भाग उभा होता. १९३६ मध्ये दंगलीत कार्यशाळा जळाली, प्लास्टरच्या प्रतिकृती फुटल्या. तरी काम चालू राहिलं, कारण गाउदीनं मागे ठेवली होती ती आकार काढायची रीत. दोऱ्यांना वजनं लटकवायची, ते ज्या वळणात लोंबतात ते उलटं केलं की कमान. तुकडे जोडून त्या रीतीपर्यंत परत जाता येतं. माझं मत विचाराल तर नवा भाग जुन्याइतका हातानं घडवलेला वाटत नाही.

कादंबरी दुसऱ्यानं पुरी केली की बहुधा फसते. संगीतात तिसरा मार्गही आहे. संगीतकार शेनबर्गच्या 'मोझेस उंड आरोन' या ऑपेराच्या तिसऱ्या अंकाला शब्द आहेत, संगीत नाही. लहानपणी अकॉर्डियन वाजवण्यात नाव काढलेला डॅनियल लिबेस्किंड पुढे वास्तुकार झाला. बर्लिनच्या ज्यू संग्रहालयाची आखणी म्हणजे त्या ऑपेराचा राहिलेला तिसरा अंक, असं तो सांगतो. इमारतीतून उभ्या चिरलेल्या रिकाम्या पोकळ्या आहेत, काहींत पाऊलही ठेवता येत नाही.

१३. खर्च आणि वेळ हाताबाहेर गेला तर ते अपयशच ना?

सिडनी ऑपेरा हाउसचा अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होता, खर्च आला १० कोटी २० लाख. १९६३ मध्ये व्हायचं ते १९७३ मध्ये उघडलं. बराचसा पैसा लॉटरीतून उभा केला. वास्तुकार योर्न उत्झननं १९५७ ची स्पर्धा जिंकली ती मुक्त हातानं काढलेल्या शिडांच्या रेखाटनावर; ती शिडं उभी कशी करायची हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. कितीतरी आकार करून बघितल्यावर १९६१ च्या सुमारास उलगडा झाला: सगळी कवचं एकाच गोलाचे तुकडे म्हणून कापायची. संत्र्याची साल सोलल्यासारखी. मग सगळ्यांची वक्रता एकच, साचे पुन्हा पुन्हा वापरता येणार.

१९६६ मध्ये नव्या सरकारशी पैशांवरून बिनसलं आणि तो काम सोडून निघून गेला. आतली सभागृहं दुसऱ्यांनी केली. संगीत सभागृहाच्या आवाजाबद्दल वादकांची कुरकुर पुढे कित्येक वर्षं चालली, २०२२ पर्यंत त्याची मोठी दुरुस्ती झाली. पैशांचा हिशोब मांडला तर अपयश, ऐकणाऱ्याच्या बाजूनं अर्धं अपयश. तरी ते नसतं तर सिडनी कसं दिसलं असतं? उत्झन २००८ मध्ये वारला. पूर्ण झालेली इमारत बघायला तो कधीच परत गेला नाही.

१४. मी वास्तुकला शिकतोय पण मन गाण्यात आहे. काय करू?

हा प्रश्न दरवर्षी येतो. पिंक फ्लॉइड या रॉक बँडचे तिघे लंडनच्या एका पॉलिटेक्निकमध्ये वास्तुकलेच्या वर्गातच भेटले. संगीतकार जॉन केज पॅरिसमध्ये गोल्डफिंगर या वास्तुकाराच्या हाताखाली शिकत होता. वास्तुकार व्हायचं तर सगळं आयुष्य वास्तुकलेलाच द्यावं लागतं असं गुरूच्या तोंडून ऐकलं आणि केज उठून गेला. पुढे शेनबर्गनं त्याला सांगितलं की स्वरसंगतीची जाण नसेल तर तुला भिंत आडवी येईल. केज म्हणाला, मग त्या भिंतीवर डोकं आपटण्यात आयुष्य घालवीन.

वाहून जाण्याआधी फी किती भरून झाली आहे ते बघा. झेनाकिसनं कचेरी सोडली ती बारा वर्षांनी.

१५. वाचायला, ऐकायला, बघायला सुरुवात कुठून करू?

एक भूप आणि एक देशकार पाठोपाठ ऐका, एकाच गायकाचे मिळाले तर उत्तम. ओळखीच्या एखाद्या जुन्या वास्तूत सकाळी आणि दिवेलागणीला जा, दोन्ही वेळी एकदा टाळी वाजवा आणि ती कशी विरते ते कान देऊन ऐका. आणि आवडत्या साहसकादंबरीचा नकाशा फक्त मजकुरावरून काढून बघा. स्टीव्हन्सनला झाला तोच त्रास होईल: कुठेतरी एक ओढा टेकडीवर चढायला लागतो. तिथे थांबून मागची पानं उलटा, चूक लेखकाची आहे की तुमची ते बघायला.